वाडी मोजली जाते, मग तिचा आकडा का सापडत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महसुली गावात मोडते, मूळ गावठाणापासून ती चार किलोमीटरवर आहे, वाडीत ऐंशी-नव्वद घरे आहेत आणि २०११ च्या जनगणनेच्या गावयादीत तिचे नाव कुठेच नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या चुलतभावाने तुम्हाला सांगितले की तिथल्या आयसेलिनला स्वतःची नगरपालिका नाही, तरी जनगणनेत आयसेलिनची लोकसंख्या वेगळी मिळते. तेव्हा आपली वाडी मोजलीच गेली नाही का, आणि २०२७ च्या जनगणनेत तिचे नाव स्वतंत्रपणे लागावे यासाठी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

महसूल खात्यात असताना २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांचे काम मी कोकणात तहसील कार्यालयातून पाहिले आहे आणि हा प्रश्न मला वाड्यावाड्यांवर विचारला गेला आहे. त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. माणसे मोजली गेली का, हा पहिला. त्यांचा आकडा वेगळा छापला गेला का, हा दुसरा. आणि वाडीला शासनदरबारी गाव म्हणून मान्यता आहे का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर जवळजवळ निश्चितपणे ‘होय’ आहे, दुसऱ्याचे ‘नाही’ आहे आणि तिसरा प्रश्न जनगणना खात्याच्या हातातलाच नाही. लोक अर्ज घेऊन जनगणना कार्यालयाकडे जातात, तिथून परत पाठवले जातात आणि आपल्यावर अन्याय झाला असे मानतात, याचे कारण हे तिन्ही प्रश्न एकच समजले जातात.

आपल्याकडे जनगणना गाव ‘ठरवत’ नाही, ठरलेले गाव ती घेते. ग्रामीण भागात ज्याचे आकडे प्रसिद्ध होतात असा सर्वांत लहान घटक म्हणजे महसुली गाव. त्याची शीव मोजणी होऊन कायम झालेली असते, त्याचा गाव नकाशा असतो आणि त्याचे दप्तर तलाठ्याकडे वेगळे ठेवलेले असते. अशा गावात एक वस्ती असो की दहा वाड्या असोत, जनगणनेच्या दृष्टीने ते सगळे मिळून एकच एकक धरले जाते आणि त्याला सहा अंकी संकेतांक मिळतो. २०११ मध्ये देशात अशी सुमारे ६ लाख ४० हजार गावे होती आणि त्यांपैकी सुमारे ४३ हजार गावे एकट्या महाराष्ट्रात होती. या आकड्यांत हजारो बेचिराख गावेही आहेत. विदर्भात ज्यांना रीठ म्हणतात, ती हीच. तिथे एकही घर उरलेले नाही, पण शीव आहे, नकाशा आहे, सातबारे आहेत, म्हणून गावयादीत नाव आहे आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य आहे. चारशे माणसांच्या वाडीला संकेतांक नाही आणि एकही माणूस नसलेल्या रिठाला आहे, हे पाहून कुणालाही राग येईल. पण ही यादी मुळात जमिनीच्या हिशेबावर उभी आहे, हे समजले की पुढचे बरेच काही उलगडते.

कोकणात ही अडचण अधिक तीव्र का होते, तेही सांगायला हवे. देशावर गावठाणात दाटीने घरे असतात आणि मळ्यांतल्या वस्त्या त्यामानाने लहान असतात. कोकणात मात्र गाव म्हणजे वाड्यांचा समूहच असतो. देऊळ एका वाडीत, शाळा दुसरीत, बाजार तिसरीत. पालघरकडे पाडे आहेत, मराठवाड्यात आणि विदर्भात बंजारा समाजाचे तांडे आहेत, सह्याद्रीच्या माथ्यावर धनगरवाडे आहेत. माणसे स्वतःची ओळख सांगताना वाडी-पाड्याचे नाव सांगतात, लग्नाच्या पत्रिकेत तेच छापतात, मात्र सातबाऱ्यावर गावाचे नाव असते. त्यात आणखी एक थर ग्रामपंचायतीचा असतो. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत, म्हणजे गावांपेक्षा बऱ्याच कमी, कारण अनेक ठिकाणी दोन-तीन महसुली गावे मिळून एक गट ग्रामपंचायत असते. त्यामुळे ‘आमच्या गावाची लोकसंख्या’ असे कुणी म्हटले की मी आधी विचारतो, वाडीची, महसुली गावाची की ग्रामपंचायतीची?

आता तुमच्या वाडीची मोजणी प्रत्यक्षात कशी झाली असेल ते पाहू. ग्रामीण भागात तहसीलदार हे चार्ज अधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या मोजणीचे प्रमुख असतात. त्यांच्या कार्यालयात प्रत्येक महसुली गावाचे प्रगणक गट पाडले जातात. एका प्रगणकाला झेपेल एवढा, म्हणजे साधारण सव्वाशे कुटुंबांचा किंवा सहा-सातशे लोकसंख्येचा एक गट. गट गावाची शीव ओलांडू शकत नाही, हा नियम पक्का आहे. गावाच्या आत गट कसे पाडायचे, याला मात्र थोडी मोकळीक असते. ऐंशी-नव्वद घरांची वाडी एका गटाला थोडी अपुरी पडते, म्हणून ती शेजारच्या लहान वाडीला जोडली जाते किंवा, अंतर फार असेल तर, एकटीचाच गट केला जातो. कोणत्या गावात काय झाले हे तिथल्या भूगोलावर आणि गट पाडणाऱ्या कारकुनाच्या जाणतेपणावर अवलंबून असते.

त्यानंतर घरयादीच्या वेळी, म्हणजे माणसे मोजण्याआधी घरांची नोंद होते तेव्हा, प्रगणक, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्याच केंद्रातल्या शाळेतले गुरुजी किंवा बाई, गटाचा नजरी नकाशा काढतात. तो मोजमापाचा नसतो. आधी वहाळ, पायवाट, देऊळ, विहीर अशा खुणा मांडायच्या, मग घरे दाखवायची. पक्क्या राहत्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण आणि राहत्या नसलेल्या इमारतीत रेघा. घरांचे क्रमांक बाणांनी जोडत न्यायचे, म्हणजे एखादे घर सुटले तर बाण तुटलेला दिसतो. माझ्या मते जनगणनेतला सर्वांत प्रामाणिक कागद हाच आहे, कारण त्यात वाडीचे नाव असते. चार्जच्या नोंदवहीतही गटाच्या वर्णनात ‘अमुक वाडी व तमुक वाडी’ असे लिहिलेले सापडते. पुढे मात्र गटांचे आकडे महसुली गावात मिळवले जातात, छापील तक्त्यात फक्त गाव उरते आणि वाडीचे नाव तिथे गळते. म्हणजे तुमची माणसे हरवलेली नाहीत. ती गावाच्या बेरजेत आहेत.

दोन ठिकाणी मात्र खरोखर घोटाळा होऊ शकतो आणि तुम्ही तो तपासून पाहावा. पहिले ठिकाण म्हणजे शीव. सड्यावरच्या एका धनगरवाड्यात मी पाहिले होते की घरे एकाच आवारात आणि माणसे एकाच भावकीतली, पण मधल्या पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडची घरे एका गावाच्या जमिनीच्या गट नंबरात आणि पलीकडची दुसऱ्या गावाच्या. गटाने शीव ओलांडायची नाही, म्हणून त्या वाड्याची मोजणी दोन प्रगणकांनी, दोन गावांच्या नावे केली. दोघांनीही चोख काम केले तरी वाड्याचा एकत्र आकडा कुठेच तयार होत नाही, आणि एकाने जरी ‘ती घरे पलीकडच्याकडे असतील’ असे गृहीत धरले तर घरे सुटतात.

दुसरे ठिकाण म्हणजे माणसांचा हंगाम. २०११ मध्ये घरयादी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात झाली आणि प्रत्यक्ष लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरली जाते तो, १ मार्चच्या मध्यरात्रीचा. जो माणूस या संपूर्ण काळात घरापासून दूर होता तो घरी मोजला गेला नाही, जिथे सापडला तिथे मोजला गेला. रायगडमधल्या कातकरी वाड्यांचा विचार करा. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बीडच्या तांड्यांवरची माणसे त्याच महिन्यांत ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात असतात. अशा वस्तीत घरयादीत घरे भरलेली आणि फेब्रुवारीत बंद, असा प्रकार होतो. नियमाप्रमाणे ती माणसे भट्टीवर किंवा ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीवर) मोजली जायला हवीत. तशी ती तिथे मोजली गेली, तर देशाच्या बेरजेत चूक नसते, पण वस्तीचा आकडा कमी दिसतो आणि त्या आकड्यावर अंगणवाडीपासून रस्त्यापर्यंत सगळे ठरत असेल तर वस्तीचे नुकसान होते. तुमच्या वाडीत हंगामी स्थलांतर नसेल, पण मुंबईला राहणारे चाकरमानी असतीलच. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आकडा वेगळा नसल्याने नेमके काय बिघडते, हे मी एका रकान्यावरून दाखवतो, कारण माझी सर्वांत मोठी तक्रार तिथे आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाच्या सोयींची सूची असते. प्राथमिक शाळा, उपकेंद्र, नळपाणी, बसथांबा. सोय गावात असेल तर ‘आहे’. नसेल तर सर्वांत जवळची सोय ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटरवर की १० च्या पलीकडे, एवढेच. ही नोंद संपूर्ण महसुली गावासाठी एक असते. गावठाणात उपकेंद्र असले की गावापुढे ‘आहे’ लागते, मग तुमच्या वाडीतली बाळंतीण चार किलोमीटर डोंगर उतरून तिथे जात असली तरी कागदावर तिला उपकेंद्र गावातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. गावनिहाय सूचीवरून ती अट पाळली गेली की नाही हे कळतच नाही. सरासरीत दडलेली वाडी ही अशी असते.

आता आयसेलिनविषयी. तुमच्या भावाने सांगितले ते बरोबर आहे. आयसेलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडते, त्याला स्वतंत्र नगरपालिका नाही. अमेरिकेची जनगणना संस्था १९५० पासून अशा वस्त्यांचे वेगळे आकडे देत आली आहे. कायद्याने जिला अस्तित्व नाही, पण लोक जिला एका नावाने ओळखतात, अशा वस्तीची हद्द ही संस्था स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलून केवळ आकडेवारीसाठी आखते. सुरुवातीला किमान १,००० लोकवस्तीची अट होती. २००० पासून किमान लोकसंख्येची अटच काढली आहे. या हद्दीने कुणाला कर लावण्याचा किंवा निवडणूक घेण्याचा अधिकार मिळत नाही, तिचा उपयोग फक्त मोजणीपुरता असतो. म्हणजे तिथे आकडेवारीची हद्द आणि कारभाराची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत आणि आपण गावाच्या आत तसे केलेले नाही.

गावाच्या आत, असे मुद्दाम म्हणतो, कारण गावाच्या वरच्या पातळीवर आपणही थोडेफार तसे करतो. ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, ते गाव ग्रामपंचायतीच्याच कारभारात राहूनही जनगणनेपुरते शहर ठरते. गोव्यात २०११ मध्ये ७० शहरे नोंदली गेली आणि त्यांपैकी कायद्याने शहर असलेली फक्त १४ होती. उरलेली ५६ अशी जनगणना शहरे होती. तेव्हा कारभार न बदलता वेगळे वर्गीकरण करणे आपल्या खात्याला अशक्य नाही. मोठ्या गावांसाठी जे केले जाते ते वाड्या-पाड्यांसाठी का करू नये, असे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. नजरी नकाशात नाव आहेच. ते बेरजेपर्यंत नेणे एवढेच काम आहे.

ते होईपर्यंत तुम्हाला आकडा मिळवायचा असेल तर मार्ग आहेत. वाडीचा स्वतंत्र प्रगणक गट असेल तर त्या गटाची एकूण लोकसंख्या हीच वाडीची लोकसंख्या. निवडणुकीच्या प्रभाग रचनेसाठी गटनिहाय आकडे वापरले जातात, म्हणून तहसील कार्यालयात ग्रामपंचायतीच्या मागील प्रभाग रचनेची कागदपत्रे मागून पाहा. एकेका कुटुंबाची माहिती मात्र मागू नका. ती जनगणना अधिनियम १९४८ प्रमाणे गोपनीय आहे आणि कुणालाही, न्यायालयातल्या पुराव्यासाठीसुद्धा, मिळत नाही. वाडी दुसऱ्या वाडीला जोडलेली असेल तर गटाचा आकडा तसाच उपयोगाचा नाही. मग अंगणवाडी सेविकेची कुटुंब पाहणी, मतदार यादीतला वाडीच्या नावाचा विभाग आणि ग्रामपंचायतीची नमुना ८ ची घरांची नोंदवही ही तिन्ही समोर ठेवून ग्रामसेवकाकडून प्रमाणित आकडा करून घ्यावा लागतो. जुनी कागदपत्रे पाहताना नावांकडेही लक्ष द्या. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा योग्य निर्णय घेतला, त्यामुळे २०११ च्या नोंदीतली वाडी आज दुसऱ्या नावाने ओळखली जात असेल.

अनेक योजनांना हा प्रमाणित आकडा चालतो, हे लोकांना ठाऊक नसते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एकक महसुली गाव नसून वस्ती आहे. सपाट भागात ५०० आणि डोंगरी राज्यांत व अनुसूचित आदिवासी भागात २५० लोकसंख्येची अट, आणि जवळच्या वस्त्या एकत्र धरण्याची सोयही आहे. रस्त्यासाठी तुम्हाला महसुली गाव व्हावे लागत नाही, वस्तीच्या यादीत नाव असावे लागते. तुमचे नाव त्या यादीत आहे का, हे आधी पाहा.

स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४ खाली राज्य शासनाने अधिसूचनेने देण्याचा विषय आहे. ग्रामसभेचा ठराव, तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांचे अहवाल, मग भूमी अभिलेख खात्याकडून गावाचा नकाशा आणि आकारबंद (जमिनीचे क्षेत्र व आकारणीची नोंद) फोडणे, असा तो लांबचा रस्ता आहे. २०२७ च्या गणनेसाठी तो आता बंद झाला आहे, कारण प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या आणि गणना पूर्ण होईपर्यंत त्या बदलता येणार नाहीत. वाचकांपैकी कुणी पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रातले असतील तर त्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने, तिथला पाडा स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो आणि वनहक्क कायद्यात वनग्रामाचे महसुली गाव करण्याची तरतूद आहे. पण पेसाचे गाव हे ग्रामसभेसाठी गाव असते. तेवढ्याने त्याला जनगणनेचा संकेतांक मिळत नाही.

तुमच्या वाडीने वेगळे गाव व्हावेच, असे मी सांगणार नाही. ते तुमच्या भावकीवर, गायरानावर आणि पाण्यावर अवलंबून आहे. विहीर एका बाजूला आणि देवराई दुसऱ्या बाजूला गेल्यावर पुढची वीस वर्षे वाद घालत बसलेल्या वाड्या मी पाहिल्या आहेत, आणि वेगळे झाल्यावरच ज्यांना शाळा मिळाली अशाही पाहिल्या आहेत. तुमचे खरे दुखणे रस्ता किंवा उपकेंद्र असेल, तर प्रमाणित आकडा घेऊन त्या त्या खात्याकडे जाणे लवकर फळाला येते.

२०२७ साठी करण्यासारखे जे उरते ते गावपातळीवरचे आहे आणि ते उपयोगाचे आहे. तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन विनंती करा की वाडी दोन गटांत फोडू नये आणि गटाच्या वर्णनात वाडीचे आजचे नाव यावे. शिवेलगतच्या घरांची यादी गट नंबरांसह अर्जाला जोडा. प्रगणक आले की वाडीतला एक जाणता माणूस त्यांच्याबरोबर फिरू द्या, म्हणजे वहाळापलीकडचे एकटे घर सुटणार नाही. आणि चाकरमान्यांना स्पष्ट सांगा. लोकगणना फेब्रुवारीत आहे आणि शिमगा मार्चमध्ये. त्यामुळे जे मुंबईत राहतात ते मुंबईतच मोजले जातील. गावचे बंद घर इमारत म्हणून घरयादीत येईल, पण त्यातली माणसे तिथे येणार नाहीत. या वेळी स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याची सोय आहे, म्हणून वाडीची संख्या वाढावी या प्रेमापोटी कुणी मुंबईत बसून गावच्या घराच्या नावे कुटुंब भरेल, अशी मला काळजी वाटते. तसे कुणी करू नये. एक कुटुंब दोन ठिकाणी आले तर पडताळणीत वाडीच्या खऱ्या रहिवाशांच्या नोंदींवरही संशय येतो.